साडेचार हजारांवरचा ठसका

ग्वायामाच्या रस्त्याला लागून पत्र्याची शेड,
रात्रीचे साडेअकरा. वीज गेलेली, नेहमीसारखी.
अंगणात जनरेटर धापा टाकतोय
आणि दोन धापांच्या मधल्या फटीत
कोकी बेडूक आपलंच नाव सांगत बसलेत: को-की, को-की.

हेरिबेर्तोची गाडी रोलरवर, चार पट्ट्यांनी आवळलेली,
ओढाळ वासरू बांधावं तशी.
रविवारी शर्यत. आणि तिला ठसका लागतो.

साडेचार हजार फेऱ्यांवर, नेमका तिथेच,
टर्बो छाती फुगवायला लागतो तेव्हा.
तोवर धाकटे दोन इंजेक्टर एकटे राबत असतात,
सिग्नलला, चढावर, बेकरीच्या दारात घुटमळताना,
थेंब मोजून, बेताने, संसारी.
मग हवेचा लोंढा येतो
आणि त्यांचं तोंड उघडं ते उघडंच, मिटायला उसंत नाही.
तेव्हा थोरल्यांनी उठायचं.
थोरले तिप्पट देतात, पण झोपेतून उठलेले;
हुकूम पोचल्यावर सेकंदाचा हजारावा भाग
डोळे चोळण्यात जातो.
शिवाय मॅनिफोल्डची भिंत कोरडी:
पहिला घोट तीच पिते.
आत पोचते ती नुसती हवा,
आणि वाऱ्यावर कुणाचं पोट भरलंय?

माझ्याकडे लॅपटॉप आहे. आलेख आहे.
लॅम्डाची रेघ शहाण्यासारखी चालत येते
आणि तिथे पायरी चुकल्यासारखी उडते.
मी थोरल्यांना लवकर उठवलं,
चार हजारांना, मग अडतीसशेंना.
खो देऊन पळायला लावलं नाही;
ओझं या खांद्यावरून त्या खांद्यावर
घसरवत न्यावं तसं नेलं.
भिंतीच्या वाटणीचे चार टक्के वेगळे काढून ठेवले.
ठसका लहान झाला. गेला नाही.

"मिग्दालिया, एवढंसं तर आहे," हेरिबेर्तो म्हणाला.
एवढंसंच.
एवढ्याशानेच गेल्या वर्षी त्याच्या मेव्हण्याच्या रोटरची सील तुटली
आणि टर्बोची पाती चघळत बाहेर पडली.

बाबा बाकावर होते. तरुणपणी शेवंडं पकडायला
बुड्या मारून मारून कानाचे पडदे गेले,
मग जमिनीवर येऊन कार्ब्युरेटर जुळवायला लागले,
तेही बोटांनी.
उठले. खुणेने म्हणाले: इंजिन बंद. जनरेटरही.
अंधार झाला, आणि बेडूक एकदम शेडच्या आत आल्यासारखे.

स्क्रूड्रायव्हरची मूठ दातांत धरून
त्यांनी टोक इंजेक्टरच्या पाठीवर टेकवलं.
मी बॅटरीवर एकेकाला टिचकी दिली.
पहिला. दुसरा. तिसरा. मान हलली.
चौथ्याला हात वर.
पुन्हा.
पुन्हा.
"हा ऐकतो," मूठ तोंडातून काढून ते म्हणाले,
"पण लगेच उठत नाही."

विकणाऱ्याच्या कागदावर दोन्ही थोरल्यांना एकच आकडा होता.
माझ्या आलेखातही तो दिसला नसता:
दोन्ही रोटरांचा धूर एकाच नळीत मिसळतो, सेन्सर एक,
एकाची भूक दुसऱ्याच्या ढेकरात बुडून
सरासरी होऊन जाते.

पहाटे हेरिबेर्तो कुणाच्या तरी गाडीतला उसना घेऊन आला,
कुणाच्या ते मी विचारलं नाही.
रोलर फिरले. तीन हजार. चार.
बाबा पडद्याकडे बघत नव्हते.
साडेचार. पाच. सात.

नंतर कॉफी ओतताना म्हणाले,
"ठसका येणार असला की तुझा उजवा खांदा उचलतो.
लहानपणी सायकल शिकवतानाही उचलायचा.
आत्ता नाही उचलला."

हेरिबेर्तोने विचारलं, किती द्यायचे?
बाबांना ऐकू गेलं नाही.
मला गेलं.